दुसऱ्याची माळ ओवून द्यायची तर

तुटलेली माळ समोर आली की आधी मणी मोजा. कात्री, सुई, दोरा हे सगळं नंतर. मालकाने मणी रुमालात बांधून आणलेले असतात, औषधाच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात, नाहीतर आगपेटीत. ते एका पसरट ताटलीत ओता, ताटलीत जुना टॉवेल घाला म्हणजे उड्या मारणार नाहीत, आणि मालकाच्या देखतच मोजा. अजून दोरा शाबूत असेल तर मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा: पूर्ण माळ, मोठा मणी, गोंडा आणि गाठ. माळ कशी होती हे मालकाला बहुधा सांगता येत नाही. रोज डोळे मिटून ओढलेली वस्तू ती, डोळे उघडून पाहिलेली नसते.

मी पुण्यात रविवार पेठेत सासऱ्यांच्या दुकानात बसते. धंदा पटवेकऱ्याचा. मंगळसूत्रं गाठवणं, मोत्यांचे सर, ठुशीचे गोंडे. जपाच्या माळा हे जोडकाम, पण बोहरी आळी जवळ, कॅम्प फार लांब नाही, त्यामुळे सगळ्या जातीधर्मांच्या माळा येतात. हल्ली व्हिडिओ पाहून घरच्या घरी माळ ओवणारेही पुष्कळ झालेत. खुशाल ओवा. स्वतःची माळ स्वतः ओवायला काहीच हरकत नाही. शेजारणीची, मैत्रिणीची, ऑफिसातल्या दुसऱ्या धर्माच्या माणसाची माळ ओवून द्यायची असेल तर मात्र थोडं थांबा. हे सगळं त्या थांबण्याबद्दल आहे.

कारण सांगते. 'देव एकच, माळ एकच' असं म्हणत जो माणूस कामाला बसतो, त्याच्या हातून माळ हमखास चुकते. तो मुसलमानांच्या तसबीहमध्ये मण्यामण्याला गाठ मारतो, कॅथलिकांच्या रोझरीची तुटलेली कडी दोऱ्याने बांधतो, करबलाच्या मातीचे मणी धुवायला पाण्यात टाकतो. बोटांचं काम सगळीकडे सारखं आहे, हे खरं. अंगठा मणी पुढे ढकलतो, ओठ हलतात. पण ती मोजणी कशासाठी, समोर कोण आहे, चुकलं तर काय होतं, हे दर माळेगणिक बदलतं, आणि त्याप्रमाणे दोराही बदलतो.

तर आकडा. १०८ आणि एक वेगळा मणी असेल तर माळ हिंदू, जैन किंवा बौद्ध. हे तिघं आकड्यावरून वेगळे करता येत नाहीत. ५४ किंवा २७ मणी म्हणजे त्याचीच अर्धी-पाव माळ. ९९ किंवा ३३, आणि मध्ये वेगळ्या आकाराचे दोन मणी, एक लांबट दांडीसारखा मणी, म्हणजे तसबीह. ५९ मणी आणि क्रूस म्हणजे कॅथलिकांची रोझरी, गोव्याची माणसं तिला तेर्स म्हणतात. तिच्या ५९ चा हिशेब लक्षात ठेवा, कारण हरवलेला मणी कुठला ते त्यावरूनच कळतं: गोल भागात दहा-दहाचे पाच घोस, घोसांच्या मध्ये एकेक असे चार, आणि खाली लोंबणाऱ्या शेपटाला पाच. ९५ मणी, किंवा १९ मणी आणि खाली पाच, असं काही आलं तर गिऱ्हाईक बहाई धर्माचं असणार. ते हातपाय नव्हे, हात आणि तोंड धुऊन बसतात आणि 'अल्लाहु अब्हा' ९५ वेळा म्हणतात. आणि मणीच नाहीत, काळ्या लोकरीच्या नुसत्या गाठी आहेत, ३३ किंवा १००, तर ती ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधूंची दोरी. तिच्याबद्दल पुढे.

आकडा कळला म्हणजे माळ कळली असं नाही. आता मालकाला तीन गोष्टी विचारायच्या. मी गिऱ्हाइकाला चहा सांगते आणि विचारते. विचारताना 'तुमच्यात' असा शब्द वापरू नका, समोरचा लगेच आपल्या समाजाचा वकील होतो आणि पुस्तकातलं बोलायला लागतो. 'तुम्ही' म्हणा. तुम्ही एका मण्यावर काय म्हणता? हा मोठा मणी आला की काय करता? आणि मोजताना चुकलं तर काय करता?

तिसऱ्या प्रश्नाला माणूस हसतो आणि मग खरं सांगतो.

पहिला प्रश्न घ्या. आमच्या पेठेतला रामाचा भक्त प्रत्येक मण्यावर तेरा अक्षरं म्हणतो, श्रीराम जय राम जय जय राम. तोंडात जे तेच मनात, निदान तसा प्रयत्न. नाव आणि नावाचा धनी यांत फट ठेवायची नाही, ही त्याची धडपड. रोझरीवाल्या बाईंचं निराळं. तोंडाने त्या 'नमो मारिया' म्हणतात, दहा मण्यांवर दहा वेळा, पण मन त्या शब्दांवर नसतं आणि नसावं अशीच अपेक्षा आहे. मनापुढे येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग उभा करायचा असतो. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग तर अगदी अलीकडचे, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली घातलेले. म्हणजे तिथे जप हा तानपुरा, गाणं वर वेगळंच चाललेलं. म्हणून रोझरीत दर दहा मण्यांनंतर मोकळी जागा लागते, प्रसंग बदलायला. ती जागा घट्ट ओवून बुजवली तर मालकीणबाईंच्या बोटांना घोस संपल्याचं कळत नाही आणि त्या पुढच्या प्रसंगात तशाच घुसतात.

आता त्याच ख्रिस्ती धर्मातली लोकरीची दोरी घ्या. ग्रीसमध्ये अॅथॉस डोंगरावरचे साधू ती वापरतात, केरळातून येणारं एखादं गिऱ्हाईकही खिशातून काढून दाखवतं. तिच्यावरची प्रार्थना एका ओळीची: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. इथे मात्र मनापुढे चित्र आणायला मनाई आहे. येशूचंसुद्धा. चित्र आलं की फसवणूक सुरू झाली असं त्यांचे गुरू बजावतात. एकाच येशूचे दोघे भक्त, एक म्हणतो डोळ्यांपुढे आण, दुसरा म्हणतो आलं तर घालवून दे. आणि हा दुसरा माणूस निदान या बाबतीत त्या कॅथलिक बाईंपेक्षा आमच्या नामस्मरणवाल्या काकांना जवळचा. धर्मांच्या हद्दी नकाशात असतात तशा माळेत पडत नाहीत, हे मी या कामातून शिकले. कधी एका धर्माच्या पोटातला फरक दोन धर्मांमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो.

दुसरा प्रश्न मोठ्या मण्याचा. हिंदू माळेत तो मेरुमणी. तो ओलांडायचा नाही. तिथवर आलं की माळ फिरवून उलट्या दिशेने निघायचं. म्हणून मेरूजवळ दोन्ही बाजूंनी पक्की गाठ हवी आणि मेरू अंमळ बाहेर निघालेला हवा, अंधारातही अंगठ्याला लागला पाहिजे. तर्जनी बहुतेक घरांत माळेला लावत नाहीत, अंगठा आणि मधलं बोट. त्यामुळे माळ बोटावर लोंबती राहते आणि दोरा मेरूपाशीच झिजतो. तुटते ती तिथेच. तिबेटी माळेतही मोठा मणी असतो, दोन तुकड्यांचा, पण ती बहुधा डाव्या हातात असते. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बाया माझ्याकडे येतात, त्यांच्या माळेला बाजूला दहा-दहा बारीक चकत्यांच्या दोन शेपट्या लटकतात. त्या चकत्या म्हणजे बेरजेतले हातचे. एक आवर्तन झालं की एक चकती खाली. शोभेच्या समजून कापू नका. तसबीहचा लांबट मणी इमाम, तो नुसती खूण: इथून सुरू, इथे संपलं. त्यात ओलांडू नये वगैरे भीती नाही. मधले दोन वेगळे मणी ३३-३३ चे टप्पे दाखवतात. नमाजनंतर 'सुभानल्लाह' ३३, 'अल्हम्दुलिल्लाह' ३३, 'अल्लाहु अकबर' ३४. बोहरी आणि इतर शिया घरांत क्रम उलटा लागतो, 'अल्लाहु अकबर' ३४ वेळा आधी. म्हणून टप्प्याचा मणी कुठे घालायचा ते विचारल्याशिवाय घालू नका. ३३ नंतर की ३४ नंतर यात एका मण्याचा फरक आहे, आणि गिऱ्हाईक माळ परत आणतं ते याच एका मण्यासाठी.

आता चुकण्याचा प्रश्न. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

तिबेटी बाई सांगते, १०८ मणी ओढले तरी हिशेबात शंभरच धरायचे. वरचे आठ चुकलेल्या, पुटपुटलेल्या, लक्ष नसलेल्या जपाची भरपाई. मला हा हिशेब फार आवडतो. आम्ही दुकानदार वजनात जरा झुकतं माप देतो तसं. जैन गिऱ्हाइकाकडे १०८ ला सूट नाही. तिथे प्रत्येक मणी एका गुणाचा आहे: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५, साधूंचे २७. करा बेरीज. कोणाकडून काही मागायचं नाही, कोणी काही देणारा नाही, फक्त गुणांना नमस्कार. णमोकार मंत्रात कुणा एका तीर्थंकराचं नावसुद्धा नाही. आपल्याकडे १०८ कशाचे विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात, २७ नक्षत्रांचे चार-चार चरण हे त्यातल्या त्यात ज्योतिषी मंडळींचं लाडकं. आकडा तिघांचा एक, पण एकाच्या आकड्यात चुकीला जागा राखलेली, दुसऱ्याच्यात जागाच नाही, तिसऱ्याने कारण शोधायचं काम ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं.

मोजावं की नाही यावर तर घराघरांत भांडण आहे. रामनामाच्या तेरा कोटी जपाचा संकल्प सोडणारी मंडळं आपल्याकडे आहेत, वह्यांत लिहून बेरजा होतात, त्यांच्या माळा वर्षाला दोनदा माझ्याकडे येतात. आणि हरिपाठात ज्ञानेश्वर माउली विचारून बसली आहे, 'पुण्याची गणना कोण करी'. सकाळी हाच हरिपाठ म्हणायचा आणि संध्याकाळी वहीत आकडा लिहायचा, यात कुणाला काही अडचण वाटत नाही. मलाही वाटत नाही, पण मजा वाटते.

जपानात हे भांडण गुरू-शिष्यांमध्ये झालं म्हणा, निदान त्यांच्या पंथांमध्ये. होनेन (११३३–१२१२) हे गुरू. अमिताभ बुद्धाचं नाव घेतलं की तो आपल्या शुद्ध भूमीत जन्म देतो, ही त्यांची शिकवण. ते दिवसाला साठ हजार वेळा 'नमु अमिदा बुत्सु' म्हणत असं सांगतात, आणि त्यांच्या पंथाची माळ दोन कड्यांची, मोठा आकडा मोजता यावा म्हणूनच केलेली. शिनरान (११७३–१२६३) हे शिष्य. १२०७ साली दोघांनाही हद्दपार केलं गेलं, इतके एका वाटेवरचे. पण शिनराननी पुढे जे सांगितलं त्यात मोजणीच उडाली. अमिताभाने तारायचं वचन दिलेलं आहे, मग आपण नाव घेतो ते मिळवण्यासाठी नाही, मिळालं म्हणून आभार मानण्यासाठी. आणि आभार कोण मोजतो? त्यांच्या पंथातले लोक माळ हातात धरतात, दोन्ही हात जोडून त्यावर घालतात, मणी मात्र ओढत नाहीत. जपानी शिकणाऱ्या एका मुलीने तिच्या तिथल्या यजमानीणबाईंची अशी माळ आणली होती. मी सवयीने मणी सरकतील अशी ढिली ओवत होते. तिने सांगितलं, सरकायची गरज नाही, नीट दिसली पाहिजे. मग घट्ट रेशीम, सुबक गोंडे, बस. म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तराने दोऱ्याची ढिलाई ठरली.

मेहनतीने मिळतं की कृपेने, हा वाद आपल्याकडच्या कीर्तनातही ऐकू येतो आणि चर्चमध्येही. प्रोटेस्टंट ख्रिस्ती गिऱ्हाईक जपमाळ घेऊन माझ्याकडे येत नाही. त्यांच्याकडे ती सहसा नसतेच. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशूने व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय, ते त्याचा अर्थ पाठोपाठ तेच म्हणणं असा लावतात. कॅथलिक म्हणतात, व्यर्थ शब्दावर जोर आहे, पुन्हा म्हणण्यावर नाही. मी दोघांचंही मंगळसूत्र गाठवते.

मुसलमानांतही सगळे तसबीह वापरतात असं समजू नका. काही जणांना ती नंतर आलेली चाल वाटते. ते बोटांच्या पेरांवर मोजतात, कारण पैगंबरांनी बोटांवर मोजायला सांगितलं, शेवटच्या दिवशी बोटं साक्ष देतील म्हणून. अशा माणसाला 'तुमची तसबीह कुठाय' विचारलंत तर तो सौजन्याने हसेल, पण तुम्ही चुकीच्या घरी चौकशी केलेली असते. आमच्या भागातल्या बौद्ध घरांतूनही जपमाळ क्वचित येते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा दिली त्या धम्मात भर त्रिशरणावर, पंचशीलावर आहे, मणी मोजण्यावर नाही. तिबेटी बाईही बौद्ध आणि हेही बौद्ध, पण माळेच्या दुकानात त्यांची गाठ पडत नाही.

आणि काहींकडे दोरा आहे पण मणी नाही. पारशांची कुस्ती म्हणजे कमरेची दोरी, लोकरीची, ७२ धाग्यांची, त्यांच्या यस्न ग्रंथाच्या ७२ अध्यायांवरून. कमरेला तीन वेढे, दिवसातून अनेकदा सोडायची आणि प्रार्थना म्हणत पुन्हा बांधायची. बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू मंडळींच्या प्रार्थनेच्या शालीला चार कोपऱ्यांवर धाग्यांचे झुबके असतात, दर झुबक्यात आठ धागे, पाच गाठी. 'शेमा' ही प्रार्थना म्हणताना ते हातात गोळा करून ओठांना लावतात. हे धागे मोजायचे नाहीत, आठवायचे आहेत: आपण कोणाचे, आपल्यावर काय बंधन. माझी आई माळकरी होती. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, पण ती कधी ओढताना दिसली नाही. एकादशी, मांस-मच्छी नाही, वारी, एवढं त्या माळेने बांधून घेतलं होतं. माळ म्हणून ती दिसायला शेजारच्या काकांच्या जपमाळेसारखी, कामाने मात्र पारशाच्या कुस्तीच्या जवळ. म्हणून तुळशीची माळ आली की आधी विचारा, गळ्यातली की हातातली. गळ्यातलीला मजबूत दोरा, लहान मणी, फास बसणार नाही अशी गाठ. आणि वारकऱ्याची माळ तुटली तर त्याला बसवून ठेवून तिथल्या तिथे करून द्या. पुष्कळजण माळ गळ्यात पडेपर्यंत पाणीही घेत नाहीत.

इथे एक सूचना, कारण गप्पांत हा विषय हटकून निघतो. 'माळ आपल्याकडून त्यांच्याकडे गेली' हे वाक्य दुकानात नको. भारतातून पश्चिमेला गेली असेल, शक्य आहे, विद्वान तसं म्हणतातही. पण चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पॉल नावाचा ख्रिस्ती साधू तीनशे खडे पदरात घेऊन बसायचा आणि एकेका प्रार्थनेला एकेक टाकायचा. मोजायची गरज ज्याला पडली त्याने जवळचं काही उचललं. १२६८ च्या सुमारास पॅरिसमध्ये कारागिरांचे कायदे लिहिले गेले, त्यात प्रार्थनेचे मणी करणाऱ्यांचे वेगवेगळे संघ आहेत: हाडा-शिंगाचे मणी करणारे निराळे, पोवळ्या-शिंपल्यांचे निराळे, अंबरचे निराळे. लंडनमध्ये सेंट पॉलच्या मोठ्या चर्चजवळच्या पॅटरनॉस्टर रो या गल्लीत आमच्याच धंद्याची माणसं बसत. मला ही बातमी कळली तेव्हा कोण कोणाकडून शिकलं यापेक्षा त्यांना मजुरी काय मिळत असेल याचं कुतूहल जास्त वाटलं.

आता प्रत्यक्ष काम. मंगळसूत्र गाठवताना आम्ही दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवतो, दोन्ही हात मोकळे राहतात. जपाच्या माळेला पाय लावायचा नाही, कुणाचीही असो. फळीला खिळा ठोका, त्याला दोरा अडकवा.

रुद्राक्ष, तुळस, चंदन यांना सुती किंवा रेशमी पदरी दोरा, आधी मेणावर ओढून घेतलेला. मण्यामण्यात गाठ हवी असेल तर माळेच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या. ८ मिलिमीटरचे १०८ मणी म्हणजे गाठींशिवाय ८६ सेंटिमीटर, गाठी धरून मीटरभर. चार मीटर दोरा हाताशी ठेवा. गाठ मण्याला टेकवायची युक्ती: सैल गाठ घ्या, तिच्यात सुईचं टोक घाला, सुईने गाठ मण्यापर्यंत सरकवत न्या, मग सुई काढून आवळा. फार घट्ट नको. माळ बोटावर वळली पाहिजे, तारेसारखी उभी राहिली तर रात्री जप करणाऱ्याचं मनगट दुखतं. रुद्राक्षाच्या खाचांत धूळ बसते ती मऊ ब्रशने कोरडीच काढा, मग तेलाचं बोट. चंदनाला तेल नको, वास जातो. वैजयंतीच्या मण्यांना भोक पाडावं लागत नाही, त्या बियांना ते निसर्गतःच असतं. 'बोधी' म्हणून विकतात ते मणी पिंपळाचे नसतात. पिंपळाची बी मोहरीहून बारीक, तिला कोण ओवणार? ते नेपाळातल्या बोरीच्या जातीच्या एका झाडाचे. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प बसा, तो त्यावर वीस वर्षं जप करत आलेला असतो.

तसबीहमध्ये गाठी अजिबात नकोत. मणी दोऱ्यावर सरकले पाहिजेत, एका मण्याचा दुसऱ्याला टक् असा आवाज झाला पाहिजे. सगळे मणी एका बाजूला सारल्यावर चार बोटं दोरा मोकळा दिसावा. जाड नायलॉन किंवा वळलेलं रेशीम चालतं. शिया घरातली मातीच्या रंगाची, हलकी तसबीह आली तर विचारा, करबलाची का. ती खाक-ए-शिफा, इमाम हुसेन यांच्या कबरीच्या परिसरातल्या मातीची. पाणी लावायचं नाही, ओला फडकासुद्धा नाही, मेण लावलेला दोराही नको. ताटलीत पडलेली भुकटी पुसून टाकू नका, कागदात घेऊन परत द्या.

रोझरी बहुतेक वेळा ओवलेली नसते, जोडलेली असते. प्रत्येक मण्यातून तार, दोन्ही टोकांना वळवलेली कडी. गोल तोंडाची बारीक पक्कड लागते. कडी उघडताना बाजूला वळवा, फाकवू नका; फाकवलेली कडी परत गोल होत नाही. पक्कड नसेल तर हे काम घेऊ नका, दोऱ्याने बांधून दिलेली रोझरी आठवड्यात परत येते. लोकरीच्या दोरीला तर आपण हातच लावायचा नाही. तिची एकेक गाठ क्रूसावर क्रूस घालत विणलेली, ती सुटली तर पटवेकऱ्याला बांधता येत नाही. ज्या मठातून आणली तिथून दुसरी आणा, असं सरळ सांगा. इलास्टिक कुठल्याच माळेत घालू नका; आज सोयीचं वाटतं, उन्हाळ्यात पिठासारखं होतं.

एक मणी हरवलेला असेल तर आपल्या डब्यातला जुळता घालून चूप बसायचं नाही. विचारायचं. रोझरीवाल्या बाई म्हणतात, घाला कुठलाही. तसबीहवाले म्हणतात, ३३ पुरे झाले पाहिजेत, रंग जुळला तर बरं. रुद्राक्षवाले पंचमुखीत पंचमुखीच मागतात आणि मोजून बघतात. मातीच्या माळेला बाहेरचा मणी चालत नाही.

मग जुन्या दोऱ्याचं काय करायचं तेही विचारा. आमच्या पेठेतल्या लोकांना तो वृंदावनात घालायचा असतो नाहीतर नदीत सोडायचा असतो, माळ पुन्हा देवासमोर ठेवायची असते. तसबीहवाला म्हणतो, टाकून द्या, दोरा म्हणजे दोरा. रोझरीला फादरनी आशीर्वाद दिलेला असतो, म्हणून बाई तुटकी कडीसुद्धा कचऱ्यात टाकू देत नाहीत. तिबेटी बाई जुना दोरा कपाळाला लावून झोळीत ठेवते. नुसतं साधन की स्वतःच पवित्र वस्तू, हे या एका धाग्यावरून कळतं, आणि मग माळ कुठे ठेवायची, कशात गुंडाळायची हेही तुमचं तुम्हाला उमगतं. माझी एकच रीत: हातून काही टाकायचं नाही. जुना दोरा, उरलेले मणी, भुकटी, सगळं पुडीत बांधून मालकाच्या हवाली.

पूर्वी काही बायका माळ टेकवायच्या आधी हळूच विचारायच्या, आज तुम्ही शिवता ना? मी विचारायची, तुमच्या मनाला काय बरं वाटेल, आणि तेवढ्यापुरती माळ सासूबाईंच्या हाती द्यायची. वाद घालायची ती जागा नव्हती असं तेव्हा वाटायचं. आता वय झालं, तो प्रश्न बंद झाला.

काम झालं की पैसे घेण्याआधी माळ मालकाच्या हातात द्या आणि म्हणा, एक फेरा ओढून बघा. तुमच्याकडे पाहत नको, निवांत, बाकावर बसून. त्याचा अंगठा अडखळला तर तुम्हाला लगेच दिसेल. बहुधा मेरूपाशी नाहीतर टप्प्याच्या मण्यापाशी अडखळतो. तेवढं उसवून पुन्हा ओवा. आणि मजुरी काम घेतानाच सांगून टाका. देवाच्या वस्तूचे पैसे कसे मागायचे म्हणून नवखे लोक 'द्या काय ते' म्हणतात. मग समोरचा एकतर पन्नासाची नोट फुलासारखी वाहून जातो, नाहीतर जास्त देतो आणि ओशाळतो. दोऱ्याचे, गोंड्याचे आणि वेळेचे असे वेगवेगळे सांगा. सगळ्या धर्मांची माणसं घासाघीस करतात, त्यात मला अजून काही फरक सापडलेला नाही.